गलबत बोंबलांवर उतरलं

लोक काशीला जातात, उटीला जातात, हातात पैसा खेळत असला तर परदेशी जातात आणि परत आल्यावर चार पानं लिहितात. मी मीरा रोडला गेले होते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं सगळा रागच आहे.

मी इचलकरंजीची. आमचं मिरची कांडपाचं मशीन आहे. दिवसभर ठसका आणि डोळे लाल, त्यामुळं मी कामात आहे की रागात, हे आमच्या गल्लीत कुणाला ओळखू येत नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी सातला मशीन बंद. कितीही गिऱ्हाईक उभं असलं तरी बंद. कारण सातला 'गलबत' लागतं.

ज्यांनी ही मालिका बघितलेली नाही (कसे जगलात, बाबांनो?) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पृथ्वी सोडून निघालेलं एक जहाज आहे. आत माणसं जन्मतात, भांडतात, म्हातारी होतात, आणि जहाज ग्रहामागून ग्रह बघत पुढं जात राहतं. उतरत कुठंच नाही. आधी हे टीव्हीवर लागायचं, आता मोबाईलच्या ॲपवर येतं. मधल्या काळात वाहिन्या बदलल्या, नट म्हातारे झाले, माझ्या दोन्ही पोरींची लग्नं झाली. गलबत चालूच.

आणि भाग कसलाही असो, शेवटी हजेरी. कप्तान इंदू सगळ्यांना उभं करून एकेकाचं नाव घ्यायची. जो जिवंत असेल तो म्हणायचा, "आहे." मेलेल्या माणसाचं नाव आलं की त्याच्या शेजारी काम करणारा त्याच्या वतीनं म्हणायचा, "आहे." बास, एवढंच. पण अंगावर काटा यायचा. मालिका लिहिणारे नाना (आम्ही प्रेक्षक त्यांना नानाच म्हणायचो) पुढं पुढं आणखी एक गोष्ट करायला लागले. आमच्या खलाशी मंडळातलं, म्हणजे मालिकेच्या चाहत्यांच्या मंडळातलं कुणी गेलं, की त्याचं नाव ते कायमचं हजेरीत घालायचे. माझी मैत्रीण शोभा साळवे, तिचा नवरा भास्कर असाच हजेरीत गेला. "यंत्रखाना, भास्कर साळवे." मग फिटरचं काम करणारा तो जाडा नट म्हणायचा, "आहे." पहिल्यांदा नाव आलं त्या रात्री मंडळातल्या प्रत्येकानं शोभाला फोन केला होता. मी तर रडून रडून आडवी झाले होते.

आता वयोमानानं नाना थांबले आणि मालिकेची सूत्रं एका नव्या बाईकडं गेली. तिला शोरनर म्हणतात म्हणे. तिनं येऊन काय करावं? पहिल्याच भागात कप्तान इंदूला मारलं. तिसऱ्या भागात गलबत पाण्यात उतरवलं. इतकी वर्षं जे उतरलं नाही ते हिनं तीन आठवड्यांत उतरवलं. आणि हजेरी बंद! कारण नाही, खुलासा नाही. मंडळानं तातडीची सभा बोलावली. मुंबईतले निम्मे सभासद आता घरं घेऊन मीरा रोड-भाईंदरला गेलेत, त्यामुळं सभा तिथंच ठरली. मी बॅग भरली.

शुक्रवार, सिल्व्हर पार्क

बसनं मला सकाळी काशीमिऱ्याला हायवेवर उतरवलं. तिथून सिल्व्हर पार्कला शोभाकडं जायला रिक्षा. रिक्षावाल्याशी मी माझ्या हिंदीत बोलले. माझी हिंदी म्हणजे काय विचारू नका. "भैया, उधर जाके वळो," अशी. तोही बापडा "हां मॅडम, ना मॅडम" करत होता. उतरताना त्याच्या फोनवर बायकोचा फोन आला, तर म्हणतो कसा, "आलोच गं, भाजी घेऊन येतो." अरे माणसा! मग इतका वेळ माझी हिंदी का ऐकून घेतलीस? म्हणाला, "मावशी, इथं सगळे आधी हिंदीच बोलतात. सवय झालीय." कराडचा निघाला. आमच्याकडं परका माणूस आला तरी चार दिवसांत मराठी बोलायला लागतो, आणि इथं आपलीच माणसं एकमेकांना परकी करून घेतात. मी त्याला तिथंच सुनावलं. तो हसला आणि माझी बॅग लिफ्टपर्यंत घेऊन आला, त्यामुळं राग अर्धवटच राहिला.

शोभा मूळची परभणीकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी आधी कुर्ल्याला, मग इथं आली. शाळेत विज्ञान शिकवते. दाराशी आमची गळाभेट झाली, "जयभीम ताई" म्हणून तिनं आत घेतलं. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली भास्करचा फोटो, आणि बाजूला मंडळानं दिलेल्या शाली कपाटात घडी करून रचलेल्या. नाश्त्याला तिनं सुशीला केला होता. मुरमुरे भिजवून केलेला हा परभणीकडचा प्रकार. आमच्याकडं मुरमुऱ्याचा भडंग करतात, कुरकुरीत. कुरकुरीत वस्तू मुद्दाम भिजवून मऊ करायची, हे मला आधी पटलं नाही. पण दोन ताटल्या खाल्ल्या. मी नेलेली कांदा-लसूण चटणी तिनं वर भुरभुरली आणि पाणी पाणी करत बसली.

"शोभा, रविवारी आपण त्या बाईला सोडायचं नाही," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली.

"हं काय? तुझ्याइतका हक्क कुणाचा आहे?"

"ताई, तू चहा घेणार का कॉफी?"

संध्याकाळी सातला मोबाईल टीव्हीला जोडून आम्ही दोघी बसलो. सातवा भाग. गलबत किनाऱ्यावर कलंडलेलं, माणसं चिखलातनं चालत होती. मी पहिल्या मिनिटापासून शिव्या घालत होते. भाग संपत आला, सगळी माणसं शेकोटीभोवती बसली. आता तरी कुणी उठून नावं घेईल असं वाटलं. कुणी उठलं नाही. नुसता समुद्राचा आवाज, आणि अक्षरं वर सरकायला लागली. शोभा झटकन उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आतनं बराच वेळ काही आवाज नाही. माझं काळीज तुटलं. म्हटलं, रडतेय बिचारी. आत जावं तर तिला आणखी लाजल्यासारखं होईल. मी बाहेर बसून त्या नव्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

शनिवार, पाली

गलबत उतरलं ती जागा खोटी नाही. उत्तनच्या पुढं पाली म्हणून कोळ्यांचं गाव आहे, तिथल्या किनाऱ्यावर शूटिंग झालं. मी म्हटलं, शत्रूचा मुलूख बघून येऊ. शोभाला फारसं यायचं नव्हतं, पण मी हट्टच धरला.

भाईंदरहून बसनं उत्तनकडं निघालं की दहा मिनिटांत सगळं बदलतं. इमारती संपतात, मिठागरं लागतात, वाटेत क्रूस दिसायला लागतात. पालीच्या गल्ल्या तर इतक्या अरुंद, की समोरून स्कूटर आली तेव्हा मी कुणाच्या तरी ओट्यावर चढले. ओटा पुसलेला होता. आतनं एक बाई ओरडत आली, "ए बाय, चपला काढ!" मी चपला काढल्या, घसरले आणि जाऊन पडले ती ओल्या जाळ्यांच्या ढिगावर. उठले तेव्हा साडीला जो वास लागला तो इचलकरंजीला दोन धुण्यांनी गेला नाही.

त्या बाईचं नाव रोझी. आधी ओरडली आणि मग मला पाणी दिलं, कोरडा टॉवेल दिला. किनाऱ्यावर बांबू बांधून तिचे बोंबील वाळत घातले होते. ओळीनं लटकलेले, जबड्यात जबडा अडकवलेला. आमच्याकडं मिरच्या अशा अंगणभर वाळत पडतात, त्यामुळं मला ते बघून एकदम बरं वाटलं.

मी तिला गलबताबद्दल विचारलं आणि आगीत तेल पडलं.

"तुमचा ता जहाज माज्या बोंबलांवर उतरला!" रोझी म्हणाली. "हितंच, हे बांबू हायत ना, हितं. बांबू काडा म्हने. का, त वास येतो. अगो, बोंबलाला वास न्हाय येनार त काय अत्तराचा येनार? दोन दीस माजे बोंबील घरात कुजले. आनि ती लोकां काय दाखवतात? कंचा तरी दूरचा ग्रह! ग्रहावर माजा घर हाय मागं, दिसतंय चांगला, पत्रे सुदा दिसतान."

मी टाळ्याच वाजवल्या. बघा, बघा! बोंबलांवर जहाज उतरवणारी ही बाई आणि हिच्याकडं आमची मालिका दिली! मी तिला म्हटलं, रविवारच्या सभेत तुमचं नाव घेऊन सांगते. ती म्हणाली, "सांग, सांग. आनि बोंबील पन ने सोबत."

निघताना रोझी शोभाकडं बघून म्हणाली, "तू आलेली ना तवा? त्या म्याडमबरोबर बसलेली, त्या होडीच्या सावलीला. लय वेळ. तू डोले पुसत व्हती."

शोभा म्हणाली, "हो, शूटिंग बघायला आले होते एकदा." आणि पुढं चालायला लागली.

आता सांगा, मी काय समजायचं? जे कुणीही समजलं असतं तेच मी समजले. ही माझी भोळी मैत्रीण नवऱ्याच्या नावासाठी त्या बाईपुढं पदर पसरून आली होती. होडीच्या सावलीत बसून रडली होती. आणि त्या बाईनं तिचं सगळं ऐकून घेतलं, वर हजेरी कापली! परतीच्या बसमध्ये माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. शोभानं विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "उद्या बरं वाटेल."

रविवार, सभा

सभा मीरा रोडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये होती. शेजारच्या हॉलमध्ये बारसं, त्यामुळं अधूनमधून पाळण्याची गाणी. मंडळाचे अध्यक्ष पाठक सर पुण्याहून आले होते. माणूस अभ्यासू. गलबताच्या कुठल्या भागात कुठला दिवा बंद होता हे सांगतील. फक्त बोलायला लागले की घटना, कलम, पोटकलम असं सुरू होतं. आमच्या मंडळाला घटना आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

शोभाला नेहमीप्रमाणं पहिल्या रांगेत मधली खुर्ची. पाठक सरांनी तिला शाल दिली. नारळ दिला. सगळे उभे राहिले.

मग वाद सुरू झाला आणि काय सांगू, मला फार बरं वाटलं! घरी नवऱ्याला गलबताचं काही सांगायला गेलं की तो पेपर वर धरतो. इथं शंभर माणसं एका जहाजासाठी गळ्याच्या शिरा ताणून भांडत होती. जहाज उतरवणं हा नानांचा अपमान आहे, असं एकजण म्हणाला. भाईंदरची तन्वी म्हणून एक कॉलेजातली मुलगी उठली आणि ताडकन म्हणाली, "काका, किती वर्षं नुसतं फिरतच राहणार? उतरलं म्हणून तर पहिल्यांदा काहीतरी घडतंय. आणि माणसं आता आमच्यासारखी बोलतायत. आधी सगळे वर्तमानपत्र वाचल्यासारखे बोलायचे." त्यावर असा गदारोळ झाला की शेजारचं बाळ उठलं.

ठराव असा होता : हजेरी पूर्ववत सुरू करावी, सर्व नावांसह. सूचक म्हणून माझं नाव. मी माईक हातात घेतला. मिरचीच्या मशीनवर बोलायची सवय, मला माईक लागत नाही, तरी घेतला.

मी सगळं काढलं. इंदू काढली, रोझीचे बोंबील काढले, लोक हसले. मग मी म्हटलं, "हसू नका. ही बघा, ही शोभा इथं बसलीय. ही विधवा बाई त्या किनाऱ्यावर जाऊन त्या शोरनरपुढं रडून आली. नवऱ्याचं नाव तेवढं राहू दे म्हणून. आठवड्यातनं एकदा तेवढंच ऐकायला मिळायचं हिला! आणि त्या बाईला दया आली नाही!"

दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावले.

"ताई, खाली बस," शोभा म्हणाली.

मला वाटलं, भावना अनावर झाल्या. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले तर तिनं तो बाजूला केला. उठली. माईक घेतला नाही. वर्गात बोलते तसं बोलली.

"मी रडले होते, खरं आहे. पण नाव ठेवा म्हणून नाही. नाव काढा म्हणून सांगायला गेले होते."

पाठक सर हातातले कागद खाली ठेवून तिच्याकडं बघायला लागले.

"भास्कर गेला, आमच्यात पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, वंदना झाली, माणसं जेवून गेली. त्या दिवशी आम्ही त्याला निरोप दिला. घरातल्या सगळ्यांनी दिला. आणि तुम्ही काय केलंत? दर शुक्रवारी सातला त्याला परत उठवलंत. मी भाग बघतच नव्हते हो. कुठला ग्रह, कोण कुणाचं कोण, काही डोक्यात शिरायचं नाही. नाव कधी येतंय, एवढंच. आलं की छातीत धस्स. मग तुमचे फोन. 'शोभाताई, ऐकलंत का?' ऐकलं, बाबांनो, ऐकलं."

मग तिला हसू आलं, खरंखुरं.

"आणि तो काही गलबताचा वेडा-बिडा नव्हता. दहाव्या मिनिटाला घोरायचा. संमेलनाला माझी पिशवी धरायला यायचा आणि जेवण चांगलं असतं म्हणून यायचा. गलबताची वेडी मी होते. मी इथं भांडायला यायचे. आठवतंय का कुणाला? आता मी तोंड उघडलं की तुम्ही माना खाली घालता आणि शाल देता. किती वर्षं झाली, माझ्याशी कुणी वाद घातलेला नाही."

पाठक सर म्हणाले, "पण मग संपूर्ण हजेरी का..."

"मी भास्करचं नाव काढा म्हटलं. त्या म्हणाल्या, एकटं नाव काढलं तर हे लोक तुम्हाला सोडतील का? मी म्हटलं, नाही सोडणार. त्या म्हणाल्या, मग मी सगळीच काढते, शिव्या मला बसू देत." शोभानं माझ्याकडं बघितलं. "बसल्या."

मागच्या रांगेतनं नाशिकचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "पण ताई, माझी आई होती त्यात. मला तिचं नाव ऐकायचं असतं."

"मग तुम्ही मागा की! तुमच्या आईचं नाव तुम्ही मागा, मी तुमच्या बाजूनं हात वर करते," शोभा म्हणाली. "माझं तेवढं मला विचारून मागा."

यात न समजण्यासारखं काय आहे? पण पाठक सर घसा साफ करून म्हणाले, "शोभाताई, आपल्या भावनांचा आदर आहे. परंतु भास्कर साळवे हे नाव आता तुमचं एकटीचं राहिलेलं नाही. ते मंडळाचं झालेलं आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आत्ता लिहिताना सुद्धा जातेय. मंडळाचं? शेवटचे सहा महिने त्या माणसाला उठवून बसवत होतं का मंडळ? त्याची लुंगी धुवत होतं का मंडळ? मी उभी राहून हे सगळं विचारलं, आणि आणखी काही विचारलं ते इथं लिहिता येत नाही. सरांना म्हटलं, "माझा ठराव मी मागं घेतो. फाडा तो." रागाच्या भरात मी आमच्या घरातल्या बोलीवर येते, मग "घेतो, जातो" असंच बोलते.

तर सर काय म्हणाले असतील? "सूचना मांडून झाल्यावर मागे घेण्याची घटनेत तरतूद नाही."

हात वर झाले. ठराव मंजूर झाला. सगळ्या नावांसह! शोभासमोर, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या नवऱ्याच्या नावासाठी शंभरातल्या साठ-सत्तर जणांनी हात वर केले आणि त्यातले निम्मे डोळे पुसत होते. विरोधात तन्वी, तिच्या मैत्रिणी, मी, आणि ते नाशिकचे गृहस्थ. ठरावावर सूचक म्हणून अजून माझंच नाव आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी मंडळात असेल तर कान उघडे ठेवून ऐका : ते नाव खोटं आहे.

शाल आणि नारळ शोभानं खुर्चीवर ठेवला आणि आम्ही बाहेर पडलो.

"मला आधी सांगायचं नाही का?" रिक्षात मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"भांडले असते."

"कुणाशी?"

मी रिक्षाचे सुट्टे पैसे मोजायला लागले.

"सगळ्यांसमोर विधवा म्हणालीस मला," ती म्हणाली. "बिचारी करून टाकलंस."

"चुकलं माझं. पण शुक्रवारी तू आत जाऊन रडत होतीस, म्हणून मला..."

"ताई, भाकरी करपत होती."

सोमवार, घोडबंदर

माझी बस संध्याकाळी हायवेवरून होती. दिवस मोकळा होता आणि घरात बसून एकमेकींची तोंडं बघण्यापेक्षा बरं, म्हणून आम्ही घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलो. पन्हाळा बघितलेल्या माणसाला याला किल्ला म्हणायला जड जातं. टेकडीच म्हणायची. पण वरून खाडी सुरेख दिसते, आणि वारा असा की डोक्यावरचा पदर ठरत नाही. शोभानं डब्यात धपाटे आणले होते. मी रोझीचे बोंबील घरी भाजून चुरून आणले होते, माझी चटणी घालून. खाल्लं सगळं. बोलणं मात्र "मीठ दे," "पाणी दे," एवढंच. इतक्या वर्षांची मैत्री मी माईक हातात घेऊन मोडून बसले, असं मला वाटायला लागलं. खाली खाडीत एक होडी चालली होती, तिच्याकडंच दोघी बघत राहिलो.

फाट्यावर आलो तर बसचा पत्ता नाही. ट्रक, धूळ, हॉर्न. उभं राहून राहून मला तो अबोला सहन होईना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काही म्हण, ती बाई मनानं चांगली असेल. पण जहाज उतरवायला नको होतं."

"का नको होतं?" शोभा म्हणाली.

"उतरलं की संपलं. मग गलबत कशाला म्हणायचं?"

"काहीतरीच! अगं, आत पाणी संपत आलं होतं. नानांनीच दाखवलं होतं, ती पाण्याची टाकी. न उतरता प्यायचं काय, तुझी चटणी?"

"टाकी दुरुस्त केली होती!"

"कधी केली? कुठल्या भागात? सांग. सांग ना!" तिचा आवाज चढला. "उतरवलं ते बरोबरच केलं. चुकलं कुठं ते मी सांगते. इंदूला मारली ती साफ चूक! दरवाजा अडकतो आणि ती मरते? तिनं स्वतः तो दरवाजा बांधलेला! तिला उघडता येत नाही? मूर्ख समजतात का आपल्याला? मी त्या बाईला तिथंच सांगणार होते, पण रडत बसले आणि राहून गेलं!"

"दरवाजा बरोबर आहे," मी म्हटलं. तसं मला काही वाटत नव्हतं, पण म्हटलं.

"बरोबर? कसा बरोबर?"

रिक्षावाले वळून बघायला लागले. चहाच्या टपरीवरचा माणूस गाळणी हातात धरून उभा राहिला. शोभाचा चेहरा लालबुंद झाला होता, एका हातात माझी पिशवी आणि दुसरा हात हवेत नाचत होता. बस आली. क्लीनर "चला, चला आंटी" करत माझ्या मागं लागला. मी चढले, खिडकी सरकवली, तर ही खिडकीखाली. "पळू नकोस! दरवाज्याचं उत्तर दे!" बस हलली तरी ती चार पावलं बरोबर चालत आली. मग माझी पिशवी तिच्याच हातात राहिलीय असं लक्षात आलं आणि क्लीनरनं ती हात लांब करून ओढून घेतली.

ठाणं यायच्या आत फोन वाजला. मी "हॅलो" म्हणायच्या आधीच ती सुरू झाली होती. मीही सोडलं नाही. पनवेल मागं पडलं, घाट आला, फोन दोनदा कटला, दोनदा तिनंच लावला. मारली, मारायला नको होती, अशीच मारली, असं आमचं इतका वेळ चाललं की शेजारच्या सीटवरच्या आजोबांना राहवलं नाही. त्यांनी माझ्या दंडाला हळूच हात लावून काळजीनं विचारलं, "बाई, घरातलं कुणी गेलं का?"

"नाही हो," मी म्हटलं, "ती आमची कप्तान..."

"कुणाशी बोलतेयस?" फोनमधनं शोभा ओरडली. "त्यांना नंतर सांग. आधी माझं ऐक!"